परक्याचं ओझं

चिलोए बेटावर घरं जागा बदलतात.
जमिनीचा वाद झाला, समुद्र अंगणात आला,
की घराखाली ओंडके सारायचे, बैल जुंपायचे,
आणि अख्ख्या गावानं दोराला लोंबायचं.
आमचं घर मात्र एलादियो चिग्वायनं एकट्यानं उचललं.
मी आत होते. पाच वर्षांची. चुलीपाशी.
किटलीतलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही.
खिडकीतून चर्च मागे गेलं, मग खाजण,
मग काळ्या मानेचे हंस,
आणि जमिनीखालून यावा तसा त्याचा खोकला.

आईनं मजुरी म्हणून बटाट्यांची गोणी दिली.
त्यानं खांद्यावर घेतली,
आई म्हणाली, "घे, तुझी झाली,"
आणि गोणी धाडकन चिखलात.
तो ओशाळला. म्हणाला, असंच होतं.
आईचं डोकं चालायचं. "बरं, गोणी माझीच.
तुझ्या घरी ठेवायला दिली, समज."
मग गेली निमूट.

तेव्हापासून त्याच्या घरात सगळं उसनं.
खुर्ची चुलतभावाची, कोट मेहुण्याचा,
पावसाळी बूट कुणाचे ते कुणालाच आठवत नव्हतं.
लोक शक्ती म्हणत.
तो म्हणे, वजनकाटा बिघडलाय कुठेतरी.

पण ओतिलिया कुणाकडून उसनी आणणार?
ती तापानं फणफणली त्या रात्री
धक्क्याला बोट लागलेली, घरापासून दोनशे पावलं.
त्यानं तिच्या पाठीखाली हात घातले
आणि तसाच वाकून राहिला.
शेवटी गावातल्या चौघांनी घोंगडीत घालून नेली.
बोट निघून गेली होती.
तिसऱ्या दिवशी पेटी निघाली, तर हा मागे,
कुणाच्या तरी होडीचा नांगर छातीशी धरून.
रिकाम्या हातांनी त्याला चालवेना.

नोएमी तेव्हा चार वर्षांची.
आम्ही शेजारची पोरं त्याच्या खांद्यावर, पाठीवर, दंडावर,
ती बोट धरून चिखलातून.
एकदा तिनं वाटेतच बसकण मारली:
"मी तुझी नाही. मी रोसाल्बा मावशीची आहे."
तो वाकला. जोर लावला.
ती खोटं बोलतेय
हे तिच्या वजनाला ठाऊक होतं.

मोठी झाल्यावर ती दक्षिणेला गेली, पुंता आरेनासला,
मासळीच्या कारखान्यात.
आधी पत्रं यायची. मग नाताळला फोन.
मग फोन बिघडला असेल, असं आम्ही म्हणायचो.

बारा वर्षांनी आली. ओहोटी होती.
धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, तिच्या पायात उंच टाचा.
उतारूंना देतो तसे त्यानं हात पुढे केले
आणि ती वर आली.
पिसासारखी.
"बाबा! उचललंस मला!" ती खिदळली.
त्यानं तिला कोरड्या फळीवर ठेवलं, जपून,
आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं नाही.
तिची बॅगही हलकीच होती.

आठ दिवस राहिली.
गळक्या छपरावरून भांडली, तंबाखू लपवली,
रोसाल्बाची खुर्ची परत करून आली
(रोसाल्बाची नव्हती ती, पण तिनं घेतली ठेवून),
आईच्या जागेवर बसून बटाटे सोलले,
ओले मोजे त्याच्या चुलीवर वाळत घातले
आणि रात्री एकदा, भिंतीपलीकडून मला ऐकू आलं,
खूप वेळ रडली. तोही.

निघायच्या दिवशी पुन्हा ओहोटी.
तो एक पायरी खाली उतरला, वाकला, हात घातले.
मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ.
बोटीनं भोंगा दिला. दुसऱ्यांदा दिला.
"बाबा, सोड. उतरते मी."
तो सोडेना.
धापा टाकत होता, घाम निथळत होता,
आणि हसत होता तो बुटका म्हातारा,
कुणी त्याला इतकं हरलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंबर धरली.
त्या महिन्यात बेटावरचं एकही घर हललं नाही.