टोपी

शनिवारी तो जे. स्मिथ असायचा
आणि रविवारी मॉरिस हार्टिगन, म्हणजे आमचा मॉसी मामा.
लिमरिकमध्ये, छप्पन साली,
दोन्ही खेळ खेळायचे तर दोन नावं लागत.
रग्बी साहेबाचा खेळ. तो खेळलात, नुसता पाहिलात तरी
आपल्या खेळाचं दार बंद.
म्हणून त्यानं मुद्दाम साहेबाचंच नाव उचललं.
दिव्याखाली अंधार असतो, म्हणायचा.

पण समितीची माणसं होती.
टायग मुलकेअर, खाटीक, आजीला उधारीवर बेकन देणारा,
एका शनिवारी कुंपणाआड वही घेऊन उभा राहिला.
(नियम मोडणारा पकडायचा तर त्यालाही
नियमाबाहेरची ऐंशी मिनिटं पाहावी लागत.)
शेवटी शेवटी कुंपणाआडून ओरडला कोण, तर टायगच:
"डावीकडं! अरे गाढवा, डावीकडं!"
मामानं डावीकडं दिला. ट्राय झाला.
सोमवारी पत्र आलं. दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत आमच्या गावानं हर्लिंगची फायनल गाठली.
मामानं त्या दिवशी परसातला अख्खा कोळसा फोडून काढला,
भर उन्हाळ्यात.

मग दोन हजार सातचा फेब्रुवारी.
लॅन्सडाउन रोडचं जुनं मैदान पाडायला घेतलेलं,
म्हणून रग्बी क्रोक पार्कात आली, भाडेकरूसारखी,
आणि येताना इंग्लंडला घेऊन आली.
मी दोन तिकिटं मिळवली. कशी, ते विचारू नका.
आई फोनवर म्हणाली,
"त्यांचं गाणं लागलं की मॉसीला उठू देऊ नकोस."

याच गवतावर वीस सालच्या एका रविवारी
गोळ्या झाडल्या होत्या, मॅच चालू असताना.
चौदा गेले. त्यात एक खेळाडू.
भिंतीवर बसलेलं दहा वर्षांचं एक पोर.
हे आम्हांला पाढ्यासारखं पाठ,
चौदा म्हटलं की तोंडातून पुढं क्रोक पार्क येतं.

राणीचं गाणं सुरू झालं.
ऐंशी हजार माणसं अशी गप्प
की ट्रंपेटवाल्यानं घेतलेला श्वास मोजता यावा.
मी मामाकडं पाहिलं नाही.
मग पाहिलं.
तो उभा होता, टोपी काढून,
आणि टकलावर फ्लडलाइट सांडलेला.
"परका माणूस प्रार्थना म्हणत असला," नंतर म्हणाला,
"तर आपण घास चावायचा थांबतो ना? तेवढंच."

मग आमचं गाणं. पुढच्या फळीतले बैलासारखे गडी रडले.
माझ्या पुढच्या रांगेतली बाई रडली, तिचा नवरा रडला.
मामाची नजर नऊ नंबरच्या बुटांवर.
"पाय बघ त्याचे," म्हणाला,
"हा काही डावीकडं द्यायचा नाही."

त्रेचाळीस-तेरा.
लोक ओळखीशिवाय एकमेकांच्या गळ्यात पडत होते.
मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल,
मी ऐकायची तयारीही केली होती, चेहऱ्यासकट.
त्यानं विचारलं, संडास कुठल्या बाजूला.

परतताना नीनाच्या पेट्रोल पंपावर
सॉसेजचं सँडविच खाताना मीच विषय काढला:
क्लबातल्या फोटोखाली अजून जे. स्मिथ आहे,
सचिव म्हणतात, पाटी बदलू.
"असू दे. तो पोरगा माझ्याहून चपळ होता."
थोडं थांबून, ओठाला लागलेला सॉस पुसत:
"टायग बरोबर होता रे.
मी उजवीकडंच देणार होतो."

गाडीशी आलो तेव्हा पाऊस लागलेला.
त्यानं डोक्यावर हात नेला
आणि तसाच ठेवला.
टोपी तिथंच राहिली होती, खुर्चीखाली.
म्हटलं, उद्या फोन करतो, सापडेल.
"कशाला?" तो आत बसला, पट्टा ओढला.
"पाहुणा उठून गेला
की काहीतरी विसरतोच."
लिमरिक यायच्या आधी त्याला झोप लागली,
ओलं डोकं काचेला टेकून.