खाच

राजव्वा मादगुंडी परत आली
ती माझं काम हातात घेऊन.
तेंदूच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलेलं,
वर लाल दोरा, दोन वेढे, गाठ.
विडी बांधतात तसंच.
"तुमचा माल, डॉक्टरबाई," म्हणाली
आणि खुर्चीत जाऊन बसली.

अकरा दिवस टिकलं होतं.

पुढच्या दाताच्या कडेला तिला एक खाच आहे.
रोजच्या हजार विड्या, चाळीस वर्षं,
कात्री मांडीवरच्या सुपात असते
पण गाठ मारताना दोन्ही हात अडकलेले,
मग दोरा दातानं.
हा गुणाकार मी एकदा कागदावर मांडला
आणि अर्ध्यात सोडला.

खाचेचा तळ पिवळा, काचेसारखा चकचकीत.
मला वाटलं, किती स्वच्छ.
तिथंच फसले.
दोरा घासत राहिला की दात
आतल्या बारीक नळ्या एकेक करून बुजवत जातो,
कळ आत शिरू नये म्हणून.
आणि जिथं कळ शिरत नाही
तिथं माझा डिंकही शिरत नाही.

(मे महिना होता. विडी घरकुलात दुपारची लाइट जाऊन-येऊन,
बाहेर बाकड्यावर सात माणसं, एक रडणारं पोर.
आम्ल ठेवलं ते घाईत काढलं.
मध्ये थोडी लाळ आली होती,
मी हवेचा फवारा मारला आणि स्वतःला म्हटलं, चालतंय.)

"आज काय वेगळं करणार?"
"आधी खरवडणार. चकाकी घालवणार."
ती हसली. खाच हसताना जास्त दिसते.
"आमचे मालक डाइंगला होते, अक्कलकोट रोडला.
सूत आधी उकळायचं, अंगचं मेण काढायचं,
मग रंग. नाहीतर पहिल्या धुण्यालाच
बादली लाल आणि चादर उघडी.
एवढं शिकायला तुम्हाला पाच वर्षं लागली?"

कापसाच्या गुंडाळ्या लावल्या. गालाशी एक, जिभेखाली एक.
निळं जेल खाचेत सोडलं.
"तीस मोजायचे," मी म्हटलं.
तोंड उघडं, त्यामुळे तिनं बोटांवर मोजले,
अंगठा पेरापेरावरून सरकत,
माझ्या घड्याळाच्या आधी थांबला:
एक कट्टा, वर पाच.

धुतलं. पुसलं. पुरतं सुकवलं नाही.
आम्लानं चुना धुऊन नेला की आत धागे उरतात,
ओले असेतो उभे. जास्त हवा मारली
की झोपतात, एकमेकांवर, चपट.
पिळलेल्या टॉवेलइतका ओलावा ठेवायचा,
हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

मग डिंक, ब्रशनं चोळून, वीस सेकंद.
मग निळा उजेड.
नारिंगी चष्म्याआड तिचे डोळे मिटलेले,
बोटं मात्र पदरावर चाललेली,
पान, तंबाखू, वळण, गाठ.
मग पहिला थर. उजेड. दुसरा थर. उजेड.
लाइट गेली नाही.

"आता दोरा दातानं तोडायचा नाही."
"नाही," ती म्हणाली.
दोघींनाही माहीत होतं.
पैसे मी घेतले नाहीत, तिनं ठेवले.
शेवटी निम्म्यावर मिटलं, तेही भांडून.

पडलेला तुकडा ड्रॉवरमध्ये आहे, पानासकट.
पान सुकून चुरा व्हायला आलंय, गाठ तशीच.
नवीन मुलगी मदतीला आली की मी तो दाखवते,
उलटा धरून. बघ, म्हणते,
मागची बाजू किती गुळगुळीत.
याला काहीही चिकटलेलं नाही.

राजव्वा गड्ड्याच्या आधी येऊन गेली,
नातीच्या दाढेसाठी.
मी तिलाही तोंड उघडायला लावलं.
अजून आहे.
कडेला एक तपकिरी रेघ दिसली, केसाएवढी,
तंबाखूची असेल, नाहीतर दोऱ्याची.
आरसा फिरवून पुन्हा पाहिलं.
विचारलं नाही.