चक्कीचा काटा

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
आम्ही दोघी विहिणी नंदनवनातल्या चक्कीवर जातो,
दळण न घेता.

गव्हाच्या कट्ट्यांचा काटा आहे तो,
पाय ठेवला की किंचित थरथरतो.
चक्कीवाल्या हेडाऊचा पोरगा आकडा मोठ्यानं वाचत नाही.
पाटीवर पिठाळ बोटानं लिहितो
आणि पट्ट्याकडे तोंड फिरवतो.
शहाणं पोरगं.

पहिल्या रविवारी मी एक्क्याऐंशी. पंचफुलाबाई एकेचाळीस.
डॉक्टरीणबाईंनी एकाच सकाळी सांगितलं होतं,
मला, दहा किलो उतरवा, गुडघे रडून राहिलेत.
त्यांना, सहा चढवा, नाहीतर पुढची सुई झेपायची नाही.
बाहेर बाकड्यावर मी म्हटलं,
"माझंच घेऊन टाका ना, इथल्या इथं."
त्या हसल्या नाहीत.
माझ्या विनोदाला त्या लग्नापासूनच हसत नव्हत्या.

लग्नात, सक्करदऱ्याच्या लॉनवर,
रुखवताचे अनारसे त्यांनी मोजून घेतले.
मी सांगितले एकशे एक, निघाले सत्त्याण्णव.
चार अनारशांवरून सहा वर्षं
कडक इस्त्रीचं अहो-जाहो चाललं आमचं.
मग पोरं गेली मेलबर्नला.
त्यांचे यजमान गेले, माझे त्याआधीच गेले होते.
दोघींकडे एकेक लहान कुकर उरला.

आता वैशाखात पाचलाच निघावं लागतं,
सहानंतर डांबर तापतं.
मी त्यांच्यासाठी आणते खजूर, शेंगदाण्याचा लाडू,
तुपाचं बोट पदराला पुसून.
त्या माझ्यासाठी आणतात मुगाचं बिनतेलाचं धिरडं,
चव पुठ्ठ्याची.
माझं संपेपर्यंत त्या उभ्या,
त्यांचं संपेपर्यंत मी.
त्या अर्धा लाडू चिमणीला टाकतात, मला दिसतं.
मी एकदा कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाल्ले,
तर त्यांनी माझा अंगठा हातात घेतला,
नखातला लाल तवंग बघितला,
आणि दुसऱ्या दिवशी दोन धिरडी आणली.

या रविवारी काटा म्हणाला, चव्वेचाळीस.
मी तर टाळीच वाजवली.
पंचफुलाबाई उतरल्या, चपलेसाठी वाकल्या
आणि कमरेची पिशवी सुटून
खण्णकन फरशीवर पडली.
अलीगढी कुलूप.
किलोचं लोखंडी माप.
आणि पितळी अडकित्ता,
लग्नात मीच मानात दिलेला.

चक्की फिरत होती. पोरगं पाटी पुसत होतं, उगाच.
"तुमाले भेव लागून राह्यला होता ना,"
त्या म्हणाल्या, फरशीकडे बघत,
"म्हून."

मग मलाही राहवलं नाही.
सांगितलं, दर शनिवारी मी रात्रीची जेवत नाही,
कवळी घरी ठेवून येते,
बांगड्याही.
आणि सांगता सांगता तोंडातून निघून गेलं,
"अन् ते चार अनारसे,
मीच खाल्ले होते. रात्री दोनला. कढईजवळ बसून."

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या.
"सकाळी तुमच्या ओठाले खसखस होती."

आणि हसल्या.
अशा हसल्या की पोटाची टाकी धरावी लागली,
दळण घेऊन आलेल्या दोन बाया थांबून बघू लागल्या.

पोरानं पुन्हा काट्यावर उभं केलं,
आधी त्यांना, मग मला.
बेचाळीस. साडेएकोणऐंशी.
पाटी आमच्याकडे वळवली त्यानं, पहिल्यांदाच.

परतताना ऊन चढलं होतं.
पिशवी मी घेतली,
कुलूप, माप, अडकित्ता, सगळं.
त्यांना ओझं नको,
आणि मलाही, चौकापर्यंत,
तेवढाच व्यायाम.