मागाहून येणारं सामान

फॉर्मवर दोन रकाने होते.
सोबत आणलेलं सामान.
मागाहून येणारं सामान.
आणि प्रत्येक वस्तूपुढे तिची किंमत, कॅनडाच्या डॉलरमध्ये.

ऐन ऑगस्टात, कुताइसीच्या त्या स्वयंपाकघरात
आम्ही आमच्याच घराचा लिलाव मांडून बसलो.
झाझा वस्तू उचलायचा, मी आकडा सांगायचे.
शिवणयंत्र, चाळीस.
गालिचा, एका कडेला जळका, पंधरा.
वाइन प्यायचं शिंग, आजोबांचं –
इथे तो जरा थांबला,
मग म्हणाला, पाच लिही,
म्हणजे कुणी काही विचारणार नाही.

वजनकाटा अक्रोडवाल्या गुलोकडून उसना आणलेला.
माणशी तेवीस किलो, वर एक चमचासुद्धा नको.
लिलेनं पुस्तकं ठेवून पाहिली,
काढली, पुन्हा ठेवली,
मग स्वतःच काट्यावर चढली.
एकोणतीस! म्हणाली, मी जास्त भरले.
कुणीच हसलं नाही,
म्हणून ती हळूच उतरली.

सासूबाई त्या आठवड्यात फारशा बोलल्या नाहीत.
खोक्यांना दोर आवळत राहिल्या.
गाठ अशी मारावी, म्हणाल्या,
की सोडणाऱ्याच्या तोंडात शिवी यावी.
निदान आठवण तरी निघेल.

हॅलिफॅक्सच्या भाड्याच्या घरात
पहिले अकरा आठवडे चार ताटल्या
आणि हवा भरायच्या दोन गाद्या.
रिकाम्या खोलीत आवाज घुमायचा,
शब्द भिंतीवर आपटून अंगावर यायचे.
आम्ही हळू आवाजात भांडायला शिकलो.

बँकेतल्या मुलीनं आमच्या आडनावाशी
तीनदा झटापट केली, शेवटी नुसती हसली.
झाझा, ज्यानं रिओनी नदीवर पूल उभा केला,
रात्रपाळीला गोदामात खोकी रचू लागला.
खोकी काही पाठ सोडत नाहीत, म्हणायचा,
बूट काढता काढता झोपायचा.

लिले रोज शाळेतून एखादा शब्द
खिशात घालून आणायची.
एका रात्री ती झोपेत त्याच भाषेत बोलली.
मी ताडकन उठून बसले.
काही विशेष नव्हतं.
'आता माझा नंबर' एवढंच म्हणत होती.
मला पुन्हा झोप लागली नाही.

नोव्हेंबरात सामान आलं.
लिलेचे बूट तिच्याआधी लहान झालेले.
शिंगाला तडा.
आणि एक खोकं, छोटं, भलतंच जड,
यादीत कुठेच नसलेलं.
कस्टमच्या माणसानं दोराची गाठ सोडवताना
खरंच काहीतरी पुटपुटलं.
आत, जुन्या स्वेटरात गुंडाळलेला,
सासूबाईंच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड.
किंमत? त्यानं विचारलं.
दगड आहे, मी म्हणाले.
त्यानं शून्य लिहिलं.

रात्री फोन लावला.
कशाला हो पाठवलात?
तर म्हणतात, तिकडे दगड मिळतात की नाही,
मला काय ठाऊक!
खिडकीबाहेर अख्खा किनारा दगडांचा.
मी म्हटलं, नाही मिळत. बरं केलंत.

फोन ठेवल्यावर मग लक्षात आलं,
म्हणजे तिकडे यंदा लोणचं घातलेलं नाही.

रविवारी कोबी चिरला, बीट चिरलं,
लसूण, सेलरीचा पाला, मीठ अंदाजानं.
प्लॅस्टिकची बादली. वर ताटली उपडी.
ताटलीवर दगड.
शेजारच्या मिसेस बूद्रो बर्फाचं फावडं द्यायला आल्या,
उंबऱ्यावरच थबकल्या, वास घेतला,
हे काय मरतंय का शिजतंय, म्हणाल्या.
दोन्ही, झाझा म्हणाला.
त्याचं इथलं पहिलं वाक्य, ज्यावर कुणी हसलं.

चौथ्या दिवशी पाणी ताटलीवर आलं,
लाल.
दगड अर्धा बुडाला होता.
लिले वाकून बघत होती,
तिनं बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं,
आणि परत बुडवलं.