दोघांत एक एस

सातपूर, मनपा शाळा, दुपारचं सत्र, तिसरी ब.
कंपन्यांचा भोंगा आणि आमची घंटा
कधीच एका वेळी वाजत नाहीत.

अ आणि ॲन मी कांद्यावर शिकवलं.
ॲन अनियन.
लाल असो, उन्हाळ असो, गोल्टी असो,
इंग्रजीला त्यातला फरक कळत नाही.
द्राक्षाचं मात्र अ ग्रेप.
एकच? वर्ग हसला.
एक द्राक्ष कोण मोजतं बाई, घड असतो.
म्हणून ग्रेप्स.
असा एस आमच्या वर्गात आला
आणि पुढच्या बाकावर बसला.

तोवर बरं चाललं होतं.
मग क्रियापदं आली.

गर्ल्स रन.
गर्ल रन्स.
बाई, मुली पुष्कळ तेव्हा धावण्याला एस नाही,
आणि एकटी धावली तर आहे?
उलटं कसं?

पुस्तकात याचं उत्तर नाही.
पुस्तकात चौकट आहे, चौकटीत नियम,
आणि नियमाखाली एक हसरी पेन्सिल.

डिसेंबर. पारा आठवर.
बाराला दहा कमी असताना फाटकात
सकाळच्या सत्रातली सम्यका पगारे
अंगातला मरून स्वेटर काढते
आणि दुपारच्या सुमेधच्या डोक्यातून घालते.
बाह्या त्याच्या बोटांच्याही पुढे जातात.
उन्हात त्याला तो नको असतो, कमरेला बांधतो.
साडेपाचला शाळा सुटते तेव्हा लागतो.
जूनपासून ती दोघं त्या फाटकात भेटतायत.
मला त्या दिवशी दिसली.

फळ्यावर दोन भावंडं काढली,
एक नाम, एक क्रियापद.
स्वेटर दोघांत एकच, म्हटलं.
थोरलीनं घातला, गर्ल्स,
की धाकटा तसाच पळतो, रन.
थोरलीनं काढला, गर्ल,
की धाकट्याच्या अंगात, रन्स.
कुणाचं नाव घेतलं नाही.
सुमेधनं हात पाठीमागे नेले, बाह्यांसकट.

आणि शीप, बाई?
हा मल्हारी कोळपे, मामाच्या मेंढ्या सिन्नरकडे.
वन शीप, म्हटलं. हंड्रेड शीप. एस नाही.
का नाही, ते सांगायला मी तोंड उघडलं,
त्याच्या आत तोच म्हणाला,
तिला कशाला स्वेटर?
लोकर तिच्या अंगचीच आहे.

बावीस वर्षं शिकवतेय.
मला पाचवीत इंग्रजी लागलं तेव्हा
हे सांगायला कुणी मेंढपाळ वर्गात नव्हता.
होता बहुतेक. शेवटच्या बाकावर.

मग आफरीननं बोट वर केलं.
आय रन. आय तर एकटाच.
मग आयला का नाही, बाई?
आयला!
वर्ग खिदळला, मीही खिदळले,
आणि हसणं ओसरेपर्यंत
उत्तर शोधत राहिले.
आय नेहमी कॅपिटल, ताठ, वाक्यात कुठेही उभा करा.
त्याला थंडी वाजत नसेल, म्हटलं.

वाजते, बाई.
खिडकीकडून आवाज आला, हळू.
मी सांगत नाही.

यातलं व्याकरण मी सोडवलं नाही.
हा मी फळ्यावरचा की बाकावरचा,
विचारलं नाही.

शनिवारी चाचणी. पाच वाक्यं, घरच्या माणसांवर.
सुमेधचं तिसरं:
माय सिस्टर गिव्ह मी स्वेटर.
बोलावून विचारलं, अरे, सिस्टर एकटी ना?
मग गिव्हचा एस कुठाय?
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जसं मीच धडा विसरलेय.
तिनं मला दिला ना, बाई.
मग तिच्याकडे कसा राहील?

वह्या घरी आणल्यात.
लाल पेन उघडलं, झाकलं.
रात्रपाळीचा भोंगा झाला.
शेवटी पेन्सिलीनं,
खोडता येईल इतका फिका,
गिव्हच्या खांद्यावर एक एस ठेवला.

मार्कांचा रकाना अजून कोरा आहे.