करू

ऑपरेशन थिएटरच्या दारातून मी ट्रे घेऊन येतो,
हिरवं कापड बाजूला करतो.
नातेवाइकांना दाखवायचं, सही घ्यायची,
मग बरणी, फॉर्मॅलिन, लेबल.
बहुतेक जण माझ्या चपलांकडे बघतात.

बेलापूरच्या या सातव्या मजल्यावरून खाडी दिसते,
खाडीला टेकलेलं दिवाळे गाव.
पदीबाय तिथली.
आत आहे ती तिची धाकटी जाऊ, बामीबाय.
तीस वर्षं एकाच पाटावर दोघींनी मासळी विकली,
एकीने भाव सांगायचा, दुसरीने कापायचं.

मी पाठ केलेलं बोलू लागतो :
हे पित्ताशय. ही यकृताची कड, त्याच्यासोबत काढलेली.
या गाठी नळीलगतच्या.
एरवी ही पिशवी फुग्यासारखी पातळ असते,
हिची भिंत बघा, आत खडे, आणि इथे, हा पांढुरका भाग...

ती वाकते. बोटं पदरात गुंडाळलेली.
"घोलीचा पन आधी ह्योच सोरवाचा,
अख्खा. मंग बाकी."
आणि मग :
"करू फुटला नाय ना?"

मी नांदेडकडचा. मला ऐकू येतं, करू.
काय करू? कुणी?
म्हणतो, सगळं केलंय मावशी आम्ही.
"करू रं, करू!"
ती जिभेला बोट लावते, तोंड वेडंवाकडं करते.

इथे घोड्याचा घोरा होतो,
कडूचा करू.
एक थेंब सांडला की अख्खी मासळी वाया,
मग कितीही धुवा.

हेच मला तोंडी परीक्षेत विचारलं होतं,
इंग्रजीत, पंख्याखाली.
मी दोन संदर्भ देऊन उत्तर दिलं होतं.

आत, साडेअकराच्या सुमारास,
चिमटा एकदा निसटला होता.
सरांनी लगेच गॉज दाबला. पांढऱ्यावर
मेथीच्या पानाएवढा डाग.
"चला पुढे," सर म्हणाले.
सिस्टरने शेवटी गॉज मोजले, सगळे भरले.

"नाय," मी म्हणतो.
तिच्या बोलीत का म्हणतो, कोण जाणे.

ती अजून ट्रेकडेच बघतेय,
पिशवीच्या मानेशी, जिथे क्लिप आहे.
मग सही करते. सावकाश, पूर्ण नाव, नवऱ्याचंही.
कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन
हात धुते, कशालाही न लागलेले,
कोपरापर्यंत, आम्ही धुतो तसे.
वास घेते.
पुन्हा धुते.