पंधराचा पाना

अस्मारात, किफ्लोमच्या दुकानात
फ्रीजचा खोका कापून
सायकलीच्या मापाचा झाला.
डाव्या पेडलचे आटे उलटे.
"हेच विसरतात पोरं,
मग जोर लावत बसतात."
हँडल वळवून दांडीला बांधलं,
पंखात मान घातलेल्या कोंबडीगत.
पुढचं चाक निघालं
तसा चिमट्यात लाकडाचा तुकडा:
रिकामी जागाच आधी चेपते.
गिअरला बायकोच्या शालीची चिंधी.
हवा सावकाश सोडली.
मोसानानं व्हॉल्व्हवर बोट धरलं.
गार.

"खोका फाडू नकोस. परतीला लागेल."
हो म्हणाली,
त्याच्याकडे न बघता.

पंधराचा पाना दुकानात एकच, खिळ्यावरचा.
टेप लावण्याआधी तो त्यानं आत सरकवला
आणि खिळ्याला
आपली टोपी अडकवली.